बाहेरून मजेत

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाचीची नोकरी पक्की झाली हे वाचून बरं वाटलं. इकडे मी मजेत. शब्दकोशाच्या कचेरीत सध्या 'आउटवर्डली' हे इंग्रजी क्रियाविशेषण माझ्या वाट्याला आलंय. जुन्या लिखाणात ते साध्यासुध्या अर्थानेही सापडतं: बाहेरच्या अंगाने. भिंत बाहेरून रंगवली, मलम बाहेरून चोळलं. दुसरा अर्थ 'वरकरणी', म्हणजे दिसायला एक, आत निराळं. आता मलमाचा अर्थ मागे पडलाय, माणसाचा टिकलाय. मला मलमाचाच आवडतो, त्यात लपवाछपवी नाही.

तुझी वहिनी गेल्यापासून घरातलं सगळं जागच्या जागी राहतं.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. शब्दकिड्यास,
अनेक आशीर्वाद.

मलमाचा अर्थ मागे पडला म्हणे. माझा नर्सचा जन्म 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' वाचण्यात गेलाय, तेव्हा मला शिकवू नकोस.

तुझ्या संपादकबाईंचा फोन आला होता. सुट्टीच्या दिवशीही तू पहारेकऱ्याकडून कचेरी उघडून घेतोस आणि कामाला हातही न लावता बसून राहतोस, असं त्या म्हणाल्या. फोनवर तू 'ठीक' म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहून विचारते. खरं सांग, सारवासारव नको.

रागावले तरी तुझीच,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाई म्हणाल्या ते खरं आहे. सकाळी निघताना मी स्वयंपाकघरातला दिवा मुद्दाम चालू ठेवतो. संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे थांबून खिडकीकडे बघतो. बाहेरून वाटतं, आत कुणीतरी वाट बघतंय. कुलूप उघडेपर्यंत ते टिकतं. म्हणून बराच वेळ दाराबाहेरच उभा राहतो. परवा शेजाऱ्यांनी विचारलं, किल्ली हरवली का. मी हो म्हणालो.

काळजी करू नकोस, येऊ नकोस असं लिहिणार होतो. हात अडला.

तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा

२४ मार्च

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

रजा मिळाली. शनिवारी सकाळी पोचते, महिनाभर राहीन. स्टेशनवर येऊ नकोस, मला घर ठाऊक आहे.

आणि घर आवरू नकोस. वहिनीचं कपाट तू उघडलेलं नसणार. आपण दोघं मिळून उघडू.

येतेच आहे,
ताई