दारातली हिरवी बाई

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय छकुली,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांना भूक चांगली लागते, तुझी आठवण काढतात. रंगांच्या नळ्या मिळाल्या. आईला म्हातारपणी शिंगं फुटली म्हणून हसली असशील. हस.

चित्रकलेच्या वर्गातल्या मास्तरांनी एका जुन्या चित्राची छापील प्रत बघून बघून रंगवायला दिली आहे. पलंगाच्या कडेला बसलेला पुरुष, दारात बाई. भिंती लालभडक आणि बाईचा चेहरा हिरवा, त्याला ना नाक ना डोळे. मला वाटलं छपाईच बिघडली. मास्तर म्हणाले, "काकू, दिसलं ते नाही काढलेलं त्यानं. आत जे झालं, ते काढलंय." त्यांची रीत अशी, की मूळ चित्र आणि आपला कागद दोन्ही उलटे ठेवायचे. म्हणजे माणसं दिसत नाहीत, नुसते आकार दिसतात आणि हात घाबरत नाही.

खरं सांगू? म्हणूनच मला तो वर्ग आवडतो. तेवढा वेळ माणूस दिसत नाही.

काल मी रंगवलेलं ओलं चित्र घरी आणून कपाटाला टेकवलं, सवयीने उलटंच. चहा घेऊन आले तर बाबांनी ते सुलटं करून ठेवलेलं. दारातल्या बाईवरून बोट फिरवत होते, बोट हिरवं झालं होतं. म्हणाले, "ही आमची. कुठे होती इतके दिवस?"

मला इतका आनंद झाला. म्हटलं, "अहो, मी इथेच आहे."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, तुम्ही निघा आता. ही आलीये, ती बघेल माझं."

स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले. नाकडोळे नसलेला चेहरा त्यांना ओळखू येतो, जन्मभर समोर असलेला येत नाही. चित्र फाडावंसं वाटतं. पण फाडलं तर त्यांची बायको पुन्हा हरवेल, आणि ठेवलं तर मी या घरात कोण?

वर लिहिलं ते खोटं आहे, छकुली. ते तुझी आठवण काढत नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून तुझं नाव त्यांच्या तोंडी नाही. तू तिकडे एकटी रडत बसशील म्हणून दर पत्रात तसं लिहीत आले.

तू ये. बाबा ओळखतील या आशेने येऊ नकोस. दारातून आत येताना मला मोठ्याने 'आई' म्हणून हाक मार, एवढंच कर.

तुझी, चित्राबाहेरची,
आई