घर बघायला येण्याची रीत

लातूर,
शनिवार

प्रिय शिवप्पा,

तुझं पत्र काल मिळालं. नांदेडला सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं आणि त्याच्या पुढची ओळ वाचून डोकं फिरलं. अक्का, तू घर विकायला होकार दिलास असं सटवाजी दलालानं कळवलं, तर गुरुवारी सहीला तयार राहा, असं तू लिहितोस. मी कधी दिला होकार? अप्पांनी बांधलेल्या या घरात अर्धं तुझं आणि अर्धं माझं आहे. माझ्या सहीशिवाय ते विकलं जात नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून आधी तो होकार कसा घेतला गेला ते ऐक.

जिल्हा झाल्यापासून लातुरात घरं शोधणाऱ्यांची रीघ लागली आहे. कचेऱ्यांमधले साहेब लोक गल्लीबोळ पालथे घालतात. त्यात पावसानं पुन्हा दगा दिला, नळ कोरडे पडले, त्यामुळे आपल्या अंगणातल्या आडाचं नाव गावभर झालं. तू गिऱ्हाइकं धाडू लागलास तेव्हा, बघण्यानं काय होतं, असं म्हणून मी दार उघडलं. येणारा आधी आडाकडे जातो आणि खडा टाकून कान लावतो. एकानं तर अर्धी वीट टाकली. त्या आडावर समोरच्या दानम्मापासून सगळी गल्ली जगते. दानम्मा घागर खाली ठेवून त्याला म्हणाली, "साहेब, तुमच्या घरला येऊन रांजणात ईट टाकून बगू का आमी?" तेव्हापासून मी माझे नियम केले. आदल्या दिवशी निरोप आला नाही तर कडी निघणार नाही. चपला ओसरीवर काढायच्या. आडात खुशाल डोकवा, पोहरा मी टाकून दाखवते, पण खडा टाकायचा नाही. कपाटं उघडायची नाहीत, कारण ती विकायला काढलेली नाहीत. पाणी मात्र मी प्रत्येकाला देते, अर्धा पेला का होईना. तहानलेल्या माणसाला उंबऱ्यावरून परत धाडणं मला जमत नाही. अरे, मला बघायला यायचे तेसुद्धा आधी निरोप धाडून यायचे. मुलगी नाकारायची असली तरी माणसं रीत पाळतात, मग घरानं काय घोडं मारलंय?

मग अमावास्येनंतरचा तो सोमवार. सकाळी आठला मी आंघोळ करून, विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. दानम्माची सून पाण्याला येते म्हणून दार नुसतं लोटलेलं होतं. सटवाजी एका इंजिनिअर साहेबांना आणि त्यांच्या बायकोला घेऊन सरळ आत आला, पायांत चपला तशाच. बाई स्वयंपाकघरात शिरल्या आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण काढून वास घेतला. साहेबांनी अप्पांच्या खोलीची भिंत ठोकून पाहिली आणि ही पाडली की ऐसपैस हॉल होईल म्हणाले. सटवाजी माझ्यासमोर उकिडवा बसला. "बाई, घर द्यायचं हाय नव्हं? तुमची काय हरकत न्हाई नव्हं?" लिंग हातावर असताना मी बोलत नाही, उठत नाही, मानही हलवत नाही. त्यानं पुन्हा एकदा विचारलं. मग उठून साहेबांना म्हणाला, "बाईचं काय म्हननं न्हाई. चला." संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याला वाटलं, घर सुटणार म्हणून बाई रडतेय. पूजा आटोपल्यावर मी अनवाणी चौकापर्यंत धावले, पण त्यांची जीप केव्हाच निघून गेली होती.

सटवाजीवर माझा राग नाही. त्याच्या घरी अशी पूजा नसते, गप्प बसलेल्या बाईला तो राजी समजला. पण काल तुझं पत्र हातात घेऊनच मी त्याला बाजारात गाठलं, तेव्हा तो कानाच्या पाळ्या धरून म्हणाला, "बाई, तुमच्या भावानंच सांगून धाडलं. आठलाच जा, त्या टायमाला अक्का कटकट करत न्हाई, म्हनले." मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. लहानपणी मी पूजेला बसले की तू डब्यातले शेंगदाण्याचे लाडू पळवायचास, कारण अक्काला ओरडता येणार नाही हे तुला पक्कं माहीत असायचं. तेव्हा मला हसू यायचं. या वेळी आलं नाही, शिवप्पा. फार लागलं मला. तुला दुकान वाढवायचंय हे मला कळतं. तुझा वाटा मी कधी अडवला नसता. तू समोर येऊन विचारलं असतंस तर मी भांडले असते, चहा दिला असता आणि पुन्हा भांडले असते. तू मात्र माझं तोंड बंद असतानाची वेळ शोधलीस.

एकट्या बाईला चार खोल्या कशाला, असं तुझी बायको म्हणते ते माझ्या कानावर आलं आहे. सासरहून मी परत आले त्या दिवशी अप्पांनी एक शब्द न विचारता माझी ट्रंक मधल्या खोलीत नेऊन ठेवली. इथूनच मी शाळेत शिकवण्याची नोकरी धरली, अप्पांचं शेवटचं दुखणं इथेच काढलं. मी इथेच म्हातारी होणार आहे, आणि त्यासाठी मला कुणाची परवानगी नको.

तेव्हा गुरुवारी मी सहीला येत नाही. तुझं पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं त्याच दिवशी मी शिक्षकांच्या पतसंस्थेत कर्जाचा अर्ज टाकला होता, तो आज मंजूर झाला. त्या इंजिनिअर साहेबांनी लावलेला जो भाव तू पत्रात लिहिलास, त्याच भावानं मी तुझा अर्धा वाटा घेते, बहीण म्हणून सूट नको. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. आता विकणारा तू आणि गिऱ्हाईक मी. निरोप धाडून ये, सकाळी आठ सोडून कधीही ये. चपला ओसरीवर काढ, तुझ्या वाटणीच्या दोन खोल्या मला फिरून नीट दाखव, आणि मग माझ्यासमोर बसून विचार, अक्का, घर घेतेस का? मी तोंडानं उत्तर देईन.

रागावलेली, तरीही तुझीच,
महानंदा अक्का