कोयता कुणाचा

छत्रपती संभाजीनगर

सौ. दगडाबाईस, तुझ्या म्हाताऱ्याकडून खुशाली.

मी बरा हाय, दोन वेळ पोटभर जेवतो. शेळ्यांना पाला पुरतोय ना? फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितोय. शेजारच्या संगीताकडून वाचून घे.

वकिलानं हात झटकले, म्हणून आज हायकोर्टात मीच उभा राहिलो. आपली सून मनिषा ऊसतोडीत ट्रॉलीखाली गेली, ती मजूरच होती, एवढंच मला भरपाईसाठी पटवायचं होतं. खालच्या कोर्टानं तेच मानलं नव्हतं.

जजसाहेब मायाळू हायेत. "आजोबा, घाबरू नका," म्हणाले. मग कागद चाळत विचारलं, "फडात कोयता कुणाचा होता?"

मी म्हणलं, "आमच्या अजिनाथचा."

अगं, ऊसतोडीला मजूर धरताना नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आन नाव गड्याचं. जन्मभर तसंच बोलत आलो, जिभेला तेच वळण. कारखान्याचा वकील लगेच उठला, "साहेब, सासराच सांगतोय, सून मजूर नव्हती."

मग मी लई समजावलं. पोरगा तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहायची. साहेबांनी ऐकून घेतलं, पण निकाल राखून ठेवलाय. माझा जीव धास्तावलाय.

अजिनाथला यातलं सांगू नको. जेवतो का तो?

घरी आलो की आष्टीला मनिषाच्या माहेरी जावं लागेल. तिची आई विचारील, "दादा, माझ्या लेकीचं नाव घेतलं का कोर्टात?" तिला काय सांगू, तेवढा विचार करून ठेव.

तुझाच,
मुंजाजी