उबेची हमाली

११ मार्च, दुपार

लाडक्या पिल्ला,

तुला आणि पोटातल्या पाहुण्याला भरभरून आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघ्यांसकट. शिड्या चढून चढून त्यांनी कुरकुरायचंच सोडून दिलंय.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसते आणि भलतंच लिहीत सुटते. आजही तसंच होणार, आधीच सांगते.

सध्या आमचा मुक्काम गच्च्यांवर. खाली रस्ता धावत असतो आणि वर नुसती ढगांची ये-जा. एसी बसवला की तांब्याच्या नळ्यांमधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची, पंप बंद करायचा आणि मीटरच्या सुईकडे बघत बसायचं. सुई जागची हलली नाही तर गळती नाही, मगच गॅस सोडायचा. हे बघत बसणं मला फार आवडतं गं. डोळे सुईवर आणि मन कुठेही. शेजारी कुणाच्या चादरी वाळत असतात, पलीकडच्या गच्चीवर एखादं मशीन गुणगुणत असतं, आणि मला वाटतं सगळं शहर झोपेत श्वास घेतंय.

आमचा उस्ताद तुझ्याच वयाचा. मी त्याला सर म्हणते, तो मला काकू म्हणतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकू, थंडी कुणी बनवत नाही हां. घरातली ऊब उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. हिवाळ्यात उलटं."

"म्हणजे आपण हमालच की!" मी म्हटलं. तेव्हापासून आमच्या कामाचं नावच हमाली पडलंय. परवा तर स्वप्नात ऊब घरोघर हिंडत होती आणि मी पुढे होऊन तिला दारं उघडून देत होते. जाग आली तेव्हा तळवे गरम होते.

मागच्या महिन्यात मात्र मी घोळ घातला. एका घरी पाळण्यात तान्हं बाळ, आणि खिडकीशीच आमचा घरघरणारा पंप. त्याची आई दारात उभी, डोळ्यांवर झोप. मला राहवेना. उस्ताद खाली गेला होता. मी पंप अर्ध्यातच बंद केला, सुई घटकाभर स्थिर दिसली आणि गॅस सोडून मोकळी झाले. दोन दिवसांत एसीने मान टाकली. नळीत ओलावा राहिला होता, त्याचा बर्फ होऊन गॅसची वाट अडली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं, आणि बाळाने घर डोक्यावर घेतलं.

उस्ताद ओरडला नाही. जिना उतरताना एवढंच म्हणाला, "काकू, त्याची झोप सांभाळायला गेलात आणि त्याचीच झोप घालवलीत. पंप अर्ध्यात बंद करायचा नाही. कुणाहीसाठी."

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू? "आई, आता कायमची इकडेच ये, बाळ तुझ्याच मांडीवर वाढू दे," असं तू लिहिलंस. वाचून मी पोटभर रडले, आनंदानेच. पण माझं शिकाऊपण अजून निम्मं राहिलंय आणि ते मला सोडायचं नाही. शिकता शिकता पगार मिळतो हे खरंच, पण ते कारण नव्हे. तुझे बाबा गेल्यावर सकाळी का उठायचं हेच मला कळेनासं झालं होतं. आता गजराच्या आधी जाग येते. मी जोडलेलं मशीन सुरू झालं की हसू आवरत नाही.

तू म्हणशील, आईला नातवंडापेक्षा एसी प्यारा. याच भीतीने हे पत्र लांबलं. तुला नाही म्हणायची मला सवयच नाही.

बाळंतपणाला मी येणार. महिनाभराची रजा मिळाली आहे. बाळाला न्हाऊ घालीन, त्याच्यासाठी जागीन, तू खुशाल झोप. महिना सरला की मात्र मला अडवू नकोस. दारात तुझे डोळे भरले तर माझा पाय निघणार नाही, मी स्वतःला ओळखते. म्हणून काय रडायचं ते हे पत्र वाचतानाच रडून घे.

परतीचं तिकीट काढूनच येणारी,
तुझी आई