कोणी विचारू नये अशी टॉर्च

आई,

मागच्या महिन्यात ऑफिसात आमच्या मालकांनी तुझं एक वाक्य जवळजवळ जसंच्या तसं म्हटलं. त्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही. शंकर नगरमधल्या एका छोट्या कंपनीत मी आता काम करते; आम्ही टॉर्च बनवतो. म्हणजे बनतात त्या शहराबाहेरच्या शेडमध्ये, मी फक्त त्यांचा आकार ठरवते. जाडी किती हवी, बटण कुठे हवं, हातात कशी बसेल. मोबाईलमध्येच टॉर्च असताना ही वेगळी कोण घेतं, असं मला सगळे विचारतात. तू विचारलं नसतंस. मालकांना सगळे भैया म्हणतात, मीही म्हणते. त्यांना बायकांच्या पर्समध्ये राहील अशी टॉर्च काढायची आहे आणि ते काम माझ्याकडे आहे. माझा पहिला नमुना त्यांनी हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "दीदी, बुरा मत मानना, ये तो चौकीदार वाली है. मेरी मम्मी इसको पर्स में नहीं रखेंगी." पिवळा रंग, जाड खाचा, आंधळ्या अंगठ्यालाही सापडेल एवढं बटण. ओल्या हातातूनसुद्धा सुटत नव्हती. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं आणि मला तू दिसलीस, बूढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या जुन्या स्वयंपाकघरात, मी शाळेत असताना केलेली ती पहिली टॉर्च हातात धरून उभी.

तेव्हा मी दहावीत होते. हिवाळ्यात तू ऑफिसातून येईपर्यंत अंधार पडलेला असायचा आणि गल्लीच्या कोपऱ्यावर, पानठेल्याशेजारी, मी तुला घ्यायला उभी राहायचे. गल्लीत दिवा नव्हता. फरशा उखडलेल्या, स्कूटरी कुठेही लावलेल्या. तू रोज म्हणायचीस, किती अंधार आहे गं इथे. म्हणून मी पाण्याच्या पाइपचा तुकडा घेतला, त्याला पिवळी चिकटपट्टी गुंडाळली, तोंडाशी भंगारातल्या स्कूटरच्या हेडलाइटची वाटी बसवली आणि आत मोठे सेल घातले. तू हातात घेऊन म्हणालीस, "अगं बाई, टॉर्च होय का लाउडस्पीकर?" पण बटण दाबलंस आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरंसुद्धा दिसली, तेव्हा तुझा चेहरा बदलला. "लय भारी केलं पोट्टी," म्हणालीस. मग उद्यापासून ने, मी म्हटलं. तू हसायला लागलीस. "हे घेऊन जाऊ मी ऑफिसात? चौकीदार समजतील मले. बडे बाबू म्हणतील, मॅडम, रात्रपाळी लागली काय तुमाले?" मला राग आला. मग कशी पाहिजे, सोन्याची? तू हसणं थांबवलंस. "सोन्याची काहून? सुंदर पण नसली तं चालते. कोणी इचारू नये अशी पाहिजे."

ती टॉर्च मग फळीवर गेली. लाइट गेली की तू ती मायेने खाली काढायचीस, तिच्या उजेडात पोळ्या लाटायचीस, शेजारणींना दाखवायचीस. उंबऱ्याबाहेर मात्र ती एकदाही गेली नाही. गल्लीत शिरलं की तू डाव्या हातात पिशवी घ्यायचीस आणि उजवा हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवायचीस. शाळेत काय झालं, डब्यातलं संपवलं का, असं विचारत अर्धं पाऊल मागे चालायचीस. उखडलेल्या फरशीवरून मी पाय उचलून टाकला की तूही उचलून टाकायचीस. गल्लीतल्या मुलींच्या आया त्यांना अशा धरून चालत नसत. मला त्याचा अभिमान होता.

तुझ्या तेरवीला नागपूरहून आलेली मावशी भांडी पुसता पुसता सहज बोलून गेली. "अंधार पडला का मंग तिले काही दिसे नाही न. लहानपणापासूनच. तुले मालूम नोतं?" मी नाही म्हटलं. बाबांना माहीत होतं का, मी विचारलं. तिने हातातलं ताट बाजूला ठेवलं. "लग्नाच्या टायमाले कोणाले सांगतलं नाही. मंग नोकरी लागली, तिथं कसं सांगते? सवयच पडली तिले न सांगायची." त्या दिवसापासून खांद्यावरच्या त्या हाताचा मी किती वेळा विचार केला आहे. कधी वाटतं तो फक्त रस्ता शोधत होता आणि मी उगीच त्याला माया समजले. कधी वाटतं, नुसता रस्ताच शोधायचा असता तर तू इतकं बोलली नसतीस. बाबा आता दादाकडे नागपूरला असतात. त्यांना मी हे कधी विचारलं नाही, आणि दुसरं कोणी नाही ज्याला विचारावं.

आता स्वयंपाकघरातलं आठवतं. माझी पहिली शाळा ते स्वयंपाकघरच. पुढची शाळा या गावात हिंदी मिळाली. मराठी अक्षरं तू परातीतल्या पिठात माझं बोट धरून गिरवून घेतलीस. "बोल कशीही, लिवताना नीट लिव," हे तुझंच, म्हणून आजही मी तुला लिहिताना अशी पुस्तकासारखी होते. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला फळ्या नीटनेटक्या करायची हुक्की आली. सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, रंगाला रंग जुळवला. खरंच देखणं दिसत होतं. संध्याकाळी तू चहा केलास आणि पहिला घोट घेऊन बाबा मोरीकडे धावले. तू फळीसमोर उभी राहिलीस. एकेका डब्यावरून हात फिरवलास. "दिसायले छान दिसून राहिलं," म्हणालीस, आवाज न चढवता. "पण माझ्या हाताले इचारलं काय तू?" मग एकेक डबा उचलून परत पहिल्या जागी ठेवलास. मी दारात बसून रडले. एवढ्याशा मिठासाठी इतकं काय, असं मला वाटत होतं.

त्या सगळ्या उलथापालथीत मी एका वस्तूला हात लावला नव्हता, माठाजवळच्या पितळी गडव्याला, म्हणजे पाण्याच्या लोट्याला. तू तो न बघता उचलायचीस. अंगठा आणि पहिलं बोट त्याच्या गळ्यात जाऊन बसायचं. वरचा काठ बाहेर वळलेला, त्यामुळे हात ओला असो की पिठाचा, तो सुटायचा नाही. बूड रुंद, त्यामुळे कुठेही ठेवला तरी लवंडायचा नाही. आणि पाहणाऱ्याला यातलं काही दिसायचं नाही. पाहुणे म्हणायचे, काय सुरेख गडवा आहे हो तुमचा.

पूर्वी मला वाटायचं तू दोन्हीकडून बोलतेस. डब्यांच्या वेळी दिसण्याला किंमत नाही आणि टॉर्चच्या वेळी दिसणंच सगळं. भैया ते चौकीदाराचं बोलले त्या दिवशी घरी आल्यावर पहिल्यांदा दोन्ही गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवता आल्या. घरात तुला वस्तू हाताला कळायला हवी होती. रस्त्यावर ती लोकांना कळायला नको होती. एकाच बाईच्या या दोन गरजा होत्या, आणि मी तुला एका वेळी एकच दिली.

भैयांनी मधल्या काळात बाहेरून एक नमुना करवून आणला. सोनेरी, गुळगुळीत, लिपस्टिकसारखा. खोटं कशाला बोलू, मलाही आवडला. ऑफिसातल्या सगळ्या मुलींनी पर्समध्ये घालून पाहिला. मी तो बेसिनपाशी नेला, हाताला साबण लावला आणि धरला. तो सुटून खाली पडला. टेबलावर ठेवला तर घरंगळत कडेपर्यंत गेला. म्हणून मग मी तिसरा केला. मध्ये कंबर, तोंडाकडे बाहेर वळलेला काठ, बूड एका बाजूने जरा चपटं. कंबरेवर फक्त बारीक रेघा, लुगड्याच्या काठावर असतात तशा. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. बोटाला कळतं की रेघा संपल्या तिथे बटण आहे. शनिवारी तो भैयांच्या टेबलावर ठेवला. ते समोसा खात होते. "दीदी, ये टॉर्च है कि लोटा?" सगळे हसले. "लोटाच आहे," मी मराठीतच म्हटलं. त्यांनी तेलकट बोटांनीच तो उचलला, फोनवर कुणाशी तरी बोलत हातात खेळवला, फाइलींच्या उतरत्या ढिगावर ठेवून दिला. तो सुटला नाही, घरंगळला नाही. भैयांच्या यातलं काहीच लक्षात आलं नाही. फोन ठेवून म्हणाले, "साँचा एक ही बनेगा. सोमवार को बता दो, सोने वाली कि लोटा. दुकानदार ने नहीं उठाया तो नाम आपका आएगा, बोल के रख रहा हूँ."

आज रविवार. सोनेरी निवडली तर दुकानं ती हसत घेतील. मग कुठल्या तरी गल्लीत कुणाच्या तरी हातातून ती सुटेल, स्कूटरखाली घरंगळेल, आणि जिच्या उजेडात शोधायचं तीच खाली पडलेली असेल. लोटा निवडला आणि कुणी घेतला नाही तर तो गोदामात राहील, आपल्या फळीवरच्या पिवळ्या टॉर्चसारखा. फळीवरच्या टॉर्चचा गल्लीला काय उपयोग?

म्हणून लोट्याचा नमुना पर्समध्ये टाकून दिवेलागणीला बूढापाऱ्यात गेले. आपल्या घरात आता दुसरे लोक आहेत, दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे. पानठेला तिथेच आहे. गल्लीत खांब आले आहेत, पण वळणापलीकडचा दिवा बंद होता. मला दिसतं, म्हणून मी डोळे मिटून घेतले आणि पर्समध्ये हात घातला. किल्ल्या, कंगवा, गोळ्यांची पट्टी, मग ती कंबर. अंगठा रेघांवरून सरकला, रेघा संपल्या, मी दाबलं. डोळे उघडले तेव्हा माझ्या चपलांसमोर उजेडाचा गोल पडला होता. समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन आली आणि गेली. दोन पोरं स्कूटरवरून गेली. पानठेल्यावरच्या माणसाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काताच्या भांड्यात हात घातला. कोणी विचारलं नाही, हे काय आहे, काहून घेऊन फिरतेस, डोळ्यांना काही झालं आहे का. तुला हवं होतं अगदी तसं. मी तरी थोडा वेळ तिथेच उभी राहिले, कुणी विचारतं का ते पाहत.

उद्या लोटा म्हणणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं एक लिहून ठेवते. टॉर्च हातात होती, रस्ता स्वच्छ दिसत होता, तरी परत फिरताना मी डावा खांदा थोडा खाली करून चालत होते. दहावीनंतर मी उंच झाले आहे. तुझ्या हाताला उंच पडू नये म्हणून.