ताईने इंजिन उघडलं

ता. ४ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या बायकोने सांगितलं, की तू अंगणात आहेस, झोपलायस, पुन्हा अंगणात आहेस. एवढं मोठं अंगण तुम्हाला कधी मिळालं? म्हणून हे पत्र. फोनसारखं हे कापता येत नाही.

तर बातमी अशी, की मी गाडीचं इंजिन उघडायला घेतलंय. हो, त्याच लाल बुटकीचं. सव्वीस वर्षं तू तिला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाहीस, आणि वर्षभर तूच फिरकला नाहीस. गेल्या महिन्यात चढावर तापमानाचा काटा शेवटाला टेकला, मागून पांढरा धूर, आणि ऑइलचं झाकण उघडून पाहिलं तर आत दुधाचा चहा. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, की हेड गॅस्केट गेलंय, बाई, पाणी ऑइलमध्ये उतरतंय. या वयात स्पोर्ट्स कार कशाला, भंगारात द्या. मी त्याला सांगितलं, की चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. उघडलेल्याला भंगारात द्यायची रीत आमच्याकडे नव्हती.

खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून घरात बूड टेकत नाही. कपाटं चारदा लावून झाली. पडद्यांना इस्त्री केली, मग स्वतःचीच शरम वाटली. हाताला काम नसलं की हात नुसते लोंबतात रे.

हेडचे बोल्ट कुठल्या क्रमाने सैल करायचे, तेवढं कळव. नाही कळवलंस तरी मी करणारच आहे, हे तुला माहीत आहे.

माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उघडू नकोस. उघडलं असशील तर आहे तसं लाव आणि वर चादर टाक. हे लोणच्याच्या बरणीचं झाकण नव्हे.

मी वर्कशॉप बंद केलंय, हे तुला ठाऊक आहे. का केलं, म्हणून जो तो विचारतो. माणसाला कंटाळा येऊ शकतो. ग्रीसचा वास आला तरी मला आता उठून जावंसं वाटतं. तेव्हा या विषयावर मला काही विचारू नकोस. बाकी सर्व क्षेम.

लोभ आहे तसाच राहू द्यावा, ही विनंती.

तुझा,
भाऊ

ता. क. सैल करताना बाहेरून आत, कसताना आतून बाहेर. आणि एका दमात नाही! आधी प्रत्येकाला पाव फेरा, मग पुन्हा पहिल्यापासून. आधी पाणी काढ, मग ऑइल. इंजिन गार असताना. चेन सुटी करण्याआधी तिच्या दोन्ही दातेरी चाकांवर पांढऱ्या रंगाची खूण कर, एक दातसुद्धा इकडचा तिकडे झाला तर व्हॉल्व्ह वाकतील. बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमाने खोचून ठेव. हेड चिकटलं असेल तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नकोस, लाकडी ठोकळ्याने हळू ठोक. पण मुळात उघडूच नकोस.


ता. १७ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझा ताजा कलम पत्रापेक्षा मोठा आहे. कंटाळलेला माणूस एवढं कधी लिहीत नाही.

हेड निघालं. गॅस्केट दोन सिलेंडरच्या मधे जळून काळं पडलंय. व्हॉल्व्हही काढले. पण आता घाबरायचं कारण झालंय. प्रत्येक व्हॉल्व्हची स्प्रिंग अडकवून ठेवणाऱ्या दोन-दोन छोट्या अर्धगोल खिट्ट्या असतात ना, करंगळीच्या नखाएवढ्या? आठ व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा. माझ्या ट्रेमध्ये पंधरा आहेत. स्प्रिंग उसळली तेव्हा एक उडाली. हेड ठेवलेलं टेबल इंजिनाला लागूनच होतं. इंजिनावर मी स्वच्छ कापड पसरलं होतं, पण नेमकं त्याच क्षणी कोपरा उचलून आत डोकावत होते. चाळीस वर्षांत माझी मोजणी कधी चुकली नव्हती. दोन दिवस जमिनीवर रांगतेय. जेवण जात नाही.

आणि एक. तुझं अक्षर कधी सुंदर नव्हतं, पण या वेळी ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या वाकड्या आहेत आणि दर शब्दागणिक पेनच्या टोकाने कागद फाटलाय. आमचे एक मोठे सर्जन होते. शेवटच्या वर्षी ते राउंडला उजवा हात सदैव खिशात ठेवून यायचे. मी तेव्हा विचारलं नाही, त्याची रुखरुख आजही आहे. म्हणून तुला विचारते. तुझा हात कसा आहे?

उत्तर लवकर धाड. राग आला तरी धाड.

तुझी,
ताई


ता. २१ जानेवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र वाचून हे सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालतायत, म्हणून हळूच लिहायला बसले.

तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. वर्ष होत आलं. आधी फक्त चहाचा कप हलायचा. मग एके दिवशी एका गिऱ्हाईकाच्या इंजिनात यांच्या हातून वॉशर पडला आणि यांच्या लक्षातच आलं नाही. ते इंजिन भर रस्त्यात फुटलं. कोणाला लागलं नाही, पण मागच्या सीटवर दोन मुलं होती. यांनी त्याच दिवशी शटर खाली ओढलं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर ताट सोडून उठतात. मला म्हणतात, की हाताला काही झालेलं नाही, वय झालंय. रोज सकाळी दाढी करताना कातडी कापून घेतात, आणि ब्लेडला नावं ठेवतात.

पण तुमचं पहिलं पत्र आल्यापासून हे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर इंजिनाची चित्रं काढतायत. रेघा वाकड्या येतात, खोडतात, पुन्हा काढतात. मला हे बरं वाटावं की वाईट, कळत नाही. तुम्ही थोरल्या आहात, काहीतरी करा. मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नका.

तुमची माया आम्हा दोघांवर असू द्या.

तुमची,
भावजय


ता. २१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

इंजिन बोटभरही फिरवू नकोस. खिट्टी तेलाच्या वाटेने खाली गेली असेल. गाडीखाली शिरू नकोस, जॅकवर भरवसा नाही. काहीही करू नकोस. बुधवारी येतो.

हाताचं विचारू नकोस.

भाऊ


ता. ३ फेब्रुवारी

प्रिय सौ. हिस,

तुला नमस्कार लिहिला तर हसशील, आशीर्वाद लिहिला तर चिडशील. तेव्हा जो हवा तो घे.

खिट्टी सापडली. तळाचं ऑइलचं चेंबर उतरवलं, तर काळ्या गाळात रुतून बसली होती. ताईने चिमट्याने उचलली, पुसली आणि ट्रेमधल्या पंधरांशेजारी ठेवली. तसंच जोडून चावी फिरवली असती तर इंजिन खलास होतं.

पहिले दोन दिवस मी स्टुलावर बसून नुसते हुकूम सोडले. हात खिशात. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. ती एक नट चुकीचा धरत होती, म्हणून तिच्या हातातून घेतला. बोटं ऐकेनात. नट पडला आणि घरंगळत गाडीखाली गेला. मी सरळ चपला घालायला गेलो, तुझ्याकडे परत यायला.

ताईने मान वर केली नाही. फक्त म्हणाली, की एक नट खाली. भिंतीवरच्या पाटीवर तसं लिहिलं, लोहचुंबकाने नट काढला, पुसला, पाटीवरचं खोडलं. मग बोलली. थिएटरमध्ये चांगल्या-चांगल्या सर्जनच्या हातून वस्तू पडायच्या. कोणी दचकायचं नाही, फक्त मोठ्याने सांगायचं. मोजणी जुळेपर्यंत टाके घालू द्यायचे नाहीत, हे तिचं काम. तिने मला विचारलं, की तुझ्या वर्कशॉपमध्ये मोजायला कोण होतं. मी म्हटलं, कोणी नाही, तीस वर्षं मी एकटाच. ती म्हणाली, मग तो वॉशर तुझ्या एकट्याच्या हातून राहिला नाही, दुसरं माणूस नव्हतं म्हणून राहिला.

तिला वॉशरचं कोणी सांगितलं, हे मला कळलंय. तुझ्यावर रागावलो नाही. पण तिचं ते बोलणं ऐकून मी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ कार्ब्युरेटर पुसत होतो. तो आधीच स्वच्छ होता.

त्यानंतर मी हात खिशातून काढला. बारीक काम ती करते, मी सांगतो. जे जड आणि ठोकळ, ते मी करतो. भांडतोही. ती पाना फार घाईने ओढते, मी फार ओरडतो, असं शेजारच्या बाईंचं म्हणणं आहे. हेडचे बोल्ट कसायला सबंध दुपार गेली. मी क्रम सांगायचा, तिने ओढायचं, दोघांनी मोठ्याने मोजायचं.

काल चावी फिरवली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा इंजिनाने धरलं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला धावत आला आणि कोणी केलं म्हणून विचारू लागला. मी ताईकडे बोट दाखवलं, तिने माझ्याकडे. माझं बोट हलत होतं. त्यानेही पाहिलं. पाहू दे.

मग चढावर नेली. काटा मध्यावर. ताई अशी हाकत होती, की मी डोळे मिटून फक्त आवाज ऐकत बसलो. कान अजून शाबूत आहेत माझे.

घरी येऊन पाहतो, तर गाडीखाली तळहाताएवढा ऑइलचा डाग! इंजिनाच्या मागचं, ऑइल अडवणारं सील गळतंय. आता अख्खं इंजिन बाहेर काढावं लागणार. ताई म्हणाली, हे तू आधीच बघायला हवं होतंस. मी म्हटलं, तू हळू चालवायला हवी होतीस. आणि मग आम्ही दोघंही पोट धरून हसलो. ती लगेच रिकामे ट्रे धुवायला गेली.

तू म्हणत होतीस त्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. जे आहे ते मीच त्यांना सांगेन. पण पंधरा दिवसांनंतरची घे, त्याआधी मला उसंत नाही. ताई म्हणते, तूही ये. मी म्हणतो, जुने कपडे घेऊन ये.

तुझा,
ऑइलने माखलेला