सात वर्षांखालील फुटबॉल आणि साठ वर्षांवरील मी

नारायण पेठ, पुणे
रविवार, दुपारची झोप मोडून

तीर्थस्वरूप रंगरावमामांच्या चरणी भाचा श्रीनिवास याचा वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मागच्या खेपेस फोनवर आपण "गुडघा आहे" एवढंच बोलून फोन ठेवलात, त्यावरून सुधारणा असावी असं धरून चालतो. मामींना नमस्कार. साताऱ्याची हवा आपल्याला मानवते हे ऐकून बरं वाटलं, इकडची हवा हल्ली कुणालाच मानवत नाही. बाकी आमच्याकडे सर्व क्षेम. सौ. श्यामला माझ्याशी बोलत नाही, चिरंजीव सौमित्र माझ्याकडे बघून नुसती मान हलवतो आणि सूनबाई तनया "बाबा, इट्स ओके" म्हणते. (ओके असतं तेव्हा ती असं म्हणत नाही.) हे कशामुळे झालं ते आपल्याला चार लोकांकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून बिनमिठाचं कळावं, म्हणून हे पत्र.

सौमित्र वारज्याला राहतो हे आपण जाणताच. त्याची मुलगी अवनी सहा वर्षांची आहे आणि तिला फुटबॉलचं वेड आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती आणि आजूबाजूची पोरं दोन स्कुटरींच्या मधली जागा गोल समजून खेळत. कोण कुठल्या बाजूला हे रोज नव्याने भांडून ठरे, आणि ते भांडण खेळापेक्षा जास्त वेळ चाले. मी संध्याकाळी तिकडे गेलो की कडेला खुर्ची टाकून पेपर वाचत बसे. सगळं सुरळीत होतं. म्हणजे कुणाचंही लक्ष नव्हतं.

मग तिथल्या हायवेलगत असलेल्या एका एलिट फुटबॉल अकादमीने (नाव इंग्रजी आहे, अर्थ मालकांनाही माहीत नसावा) जाहीर केलं की आता सात वर्षांखालच्या मुलांचीही बॅच निघणार. आजवर ते बाराव्या वर्षापासून मुलं घेत. पण बाराव्या वर्षापर्यंत मुलाचं फुटबॉलमधलं आयुष्य जवळजवळ संपलेलं असतं, असा शोध त्यांना नुकताच लागला होता. एलिट म्हणजे निवडक. आता सहा वर्षांच्या मुलांतून निवडक कसं शोधतात, तर ज्याला आपलं नाक आपल्याला पुसता येतं त्याला घेतात, असा माझा अंदाज.

पालकसभेच्या दिवशी सौमित्रची ऑफिसात मीटिंग, तनयाचीही मीटिंग, आणि मीटिंग नसलेला घरात मी एकटा. गेलो. आनंद नावाचा तरुण कोच पडद्यावर आलेख दाखवत होता. माझ्या शेजारच्या बाईंनी हात वर करून विचारलं, "पाच वर्षांखालची बॅच नाहीये का? आमचा धाकटा साडेचारचा आहे, नुसता घरी वाया जातोय." मला राहवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अहो, या मुलांचे दुधाचे दात पडायचेत अजून. त्यांना खेळू द्या की. एलिट वगैरे व्हायला आयुष्य पडलंय." सगळ्या सभेने वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या मुलाला चिमटा काढला होता.

आनंद मात्र रागावला नाही. म्हणाला, "काका, मी वाशीमचा. आमच्याकडे मैदान होतं, शिकवणारं कुणी नव्हतं. चौदाव्या वर्षी पुण्यात निवडीला आलो, तर म्हणाले, पाय चांगले आहेत पोरा, पण उशीर झाला. तेवढं या मुलांना कुणी म्हणू नये, म्हणून ही बॅच." मी खाली बसलो.

अवनीची निवड झाली. सोसायटीत पेढे वाटले. मुलीला तिच्या पाठीपेक्षा मोठी पिशवी आली, घरात 'प्रोटीन' हा शब्द देवाच्या नावासारखा येऊ लागला आणि श्यामलाने पाठवलेले बेसनाचे लाडू तसेच डब्यातून परत आले. (ते मी खाल्ले. माझा कुठल्याच संघात विचार चालू नसल्याने हरकत नव्हती.) अकादमीची मुलं शंकूंमधून नागमोडी पळत, शिट्टी वाजली की थिजत, दुसरी वाजली की पुन्हा पळत. सगळे पालक जाळीला चिकटून व्हिडिओ काढत. काढून झाला की घरी मुलाला बसवून दाखवत आणि चुका समजावून देत.

एके संध्याकाळी मी नेहमीसारखा बॉल घेऊन अवनीला पार्किंगमध्ये बोलावायला गेलो. ती सोफ्यावर आडवी होती. म्हणाली, "आजोबा, आज माझा रिकव्हरी डे आहे." मामा, हा शब्द मी या वयात, तोही डॉक्टरांच्या तोंडून ऐकला होता. मी विचारलं, तिथे आवडत नाही का गं? तर म्हणाली, "आनंददादा आवडतो. पण तिथे खेळत नाहीत ना, शिकतात." खाली पोरं ओरडत होती. ती खिडकीतून बघत राहिली आणि गेली मात्र नाही. त्या दिवशी माझं पेपरात लक्ष लागलं नाही.

मी हे सगळं आनंदला जाऊन सांगितलं. त्याने मैदानातले शंकू गोळा करून पिशवीत टाकले. मग म्हणाला, "रविवारी मॅच ठेवतो. ड्रिल नाही, काही नाही. नुसती खेळू देत. तुम्ही या काका." मी तिथल्या तिथे ठरवलं की इतर पालकांना एक आदर्श घालून द्यायचा. कडेला बसायचं, एक शब्द काढायचा नाही.

गेल्या रविवारी मॅच सुरू झाली आणि समोरच्या संघातल्या एका पोराने अवनीचा शर्ट ओढला. त्यानंतर काय झालं याबद्दल घरात दोन मतं आहेत. माझं मत असं की मी रेफ्रीला नम्रपणे विचारलं. उरलेल्या सर्वांचं मत असं की माझा आवाज खडकवासल्याला ऐकू गेला असेल. रेफ्री म्हणजे सृष्टी नावाची कॉलेजातली मुलगी. तिने मला समज दिली. मी तिला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सुचवलं. (तिला चष्मा नव्हता, हाच माझा मुद्दा होता.) पिवळं कार्ड. तेवढ्यात समोरच्या संघातली एक चिमुरडी पडली, तिच्या बुटाची नाडी सुटली आणि आमची अवनी गोलसमोर फतकल मारून तिची नाडी बांधायला बसली! बॉल तिच्या शेजारून आरामात आमच्याच गोलमध्ये गेला. मी पेपराची गुंडाळी हातात घेऊन सरळ मैदानात. लाल कार्ड.

अवनीने नाडीची गाठ पुरी केली, मग वर बघितलं. रागावली नव्हती हो. अगदी समजुतीने म्हणाली, "आजोबा, बाहेर जा ना. तुम्ही मध्ये आलात की आम्हाला खेळता येत नाही."

मी बाहेर गेलो. मामा, आपण शाळेत कवायतीचे मास्तर असताना मला कवायतीतून काढलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

फाटकाबाहेर रसवंती आहे, तिथे जाऊन बसलो. थोड्या वेळाने साडेचारवाल्या बाई, ओरडल्याबद्दल लाल कार्ड घेऊन, बाहेर आल्या. मग एक वडील आले, मग दुसरे. सृष्टीने कुणाची गय केली नाही. बघता बघता एलिट अकादमीचे बहुतेक पालक रसवंतीच्या बाकांवर, आणि आत नुसती पोरं. आणि मग आतून जो कल्ला सुरू झाला! हसणं, भांडणं, "नाही, माझा बॉल!" आमच्यापैकी कुणालाच स्कोअर माहीत नव्हता. घामाने निथळत अवनी बाहेर आली, मी विचारलं कोण जिंकलं. तिने क्षणभर आठवून पाहिलं आणि म्हणाली, "विसरले. आता घरी जाऊन पार्किंगमध्ये खेळू?"

त्याच संध्याकाळी आनंदने पालकांना कळवलं की सात वर्षांखालची बॅच चालू राहील, निम्मा वेळ नुसता खेळ असेल, आणि मैदानात मोठ्यांना प्रवेश नाही. लहान वयोगट असावा की नसावा हा वाद असा मिटला. खालचा गट ठेवला, वरचा काढला. मला हे तत्त्वतः पूर्ण मान्य आहे. घरात माझी जी बेअब्रू झाली तीही मान्य आहे. आपण वडीलधारे, आपल्यापुढे मन मोकळं केलं, बरं वाटलं. गुडघ्याला जपावं.

आपला आज्ञाधारक भाचा,
श्रीनिवास

ता. क. अकादमीचे मालक महिपती हे साताऱ्याला आपल्या हाताखाली कवायत शिकलेले निघाले. आपलं नाव काढताच ते अजूनही ताठ उभे राहतात असं ऐकलं. आपण त्यांच्याकडे एक शब्द टाकावा. सर्व मोठ्यांना नको, मला एकट्याला जाळीच्या आत बसू द्यावं. पेपर आणणार नाही. तोंड उघडणार नाही. (श्यामलाने हे एवढं वाचलं आणि हसली. बोलली नाही, पण हसली.)

ता. क. २. महिपतींशी बोलालच, तर आणखी एक. अवनीचा धाकटा भाऊ अवधूत नुकता दोन वर्षांचा झाला. काल त्याने वरणाची वाटी लाथेने थेट फ्रिजपर्यंत उडवली. आणि मामा, डाव्या पायाने! तीन वर्षांखालची बॅच काढायचा त्यांचा काही विचार आहे का, एवढं सहज विचारून ठेवावं. मात्र फोन आजच करावा, हल्ली मुलं फार लवकर तीन वर्षांची होतात.